चावीवाल्याचा नंबर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज पडतात, त्यातले नव्वद सुप्रभातचे. पण ग्रुपच्या माथ्यावर सेक्रेटरींनी एकच मेसेज कायमचा टाचून ठेवलाय. तो म्हणजे चावीवाल्या मामांचा मोबाइल नंबर. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, या शहरात बहुतेक ठिकाणी पालिकेचं पाणी ठरल्या वेळी आणि ठरलेले तासच येतं. रस्त्यातलं झाकण उघडून, लांबलचक लोखंडी चावीने खालचा व्हॉल्व्ह फिरवून ते सोडणारा कामगार म्हणजे चावीवाला. पाण्याला दाब नसला की सेक्रेटरी मामांना फोन लावतात. मामा म्हणतात, "वरच्या अंगाला लाइनचं काम काढलंय. आज साडेसहाला सोडतो. टाकीतलं जपून वापरायला सांगा." साडेसहाला पाणी येतं. एखाद्या दिवशी काम लांबलं तर सहालाच मामांचा उलटा फोन येतो, "आज काही खरं नाही." लोक कुरकुरतात, बादल्या मोजतात. मामांवर कुणी चिडल्याचं मला आठवत नाही.

मध्यंतरी आमच्या घरचं इंटरनेट तीन दिवस बंद होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. तुमचीही कंपनी तशीच असणार. मी वैतागून एक्सवर चार ओळी खरडल्या. अकरा मिनिटांत उत्तर आलं. नमस्कार, तुम्हाला झालेल्या त्रासाचा आम्हाला खेद आहे, कृपया नोंदणीकृत क्रमांक डीएम करा, शेवटी हात जोडलेली बाहुली. क्रमांक दिला. मग दुसऱ्या कुणी पुन्हा तोच क्रमांक मागितला. तीन दिवसांत चौदा उत्तरं आली, सगळी सभ्य, सगळी खेदपूर्ण. चौथ्या दिवशी शेजारच्या इमारतीत शिडी लावून चढलेला त्याच कंपनीचा पोरगा आमच्या वॉचमनने हेरला आणि खाली उतरताच धरून आणला. गच्चीवर उंदराने वायर कुरतडली होती. सहा मिनिटांचं काम. पोराला माझ्या चौदा उत्तरांचा पत्ताच नव्हता.

कंपनीच्या महिन्याच्या अहवालात मात्र माझी तक्रार 'अकरा मिनिटांत प्रतिसाद' अशी हिरव्या रंगात नोंदली गेली असणार. मला हे नक्की ठाऊक आहे, कारण असे अहवाल मी स्वतः केलेत. पंचवीस वर्षं मी याच, म्हणजे जनसंपर्काच्या धंद्यात होते. त्यामुळे सोशल मीडियाने संस्थांना काय शिकवलं, यावर जी व्याख्यानं होतात, त्यांत सांगितलं जाणारं 'तत्पर राहा, नम्र राहा, माणसासारखं बोला' हे सगळं मला आता खोटं वाटू लागलंय. संस्था बोलायला शिकल्या, फार छान शिकल्या. बोलणाऱ्याच्या हातात चावी द्यायची तेवढी राहून गेली.

आमच्या विभागाच्या दारावर 'प्रसिद्धी व जनसंपर्क' अशी पाटी होती. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळे आहेत हे बरंच आहे. प्रसिद्धी म्हणजे आपण लोकांना सांगणं. जनसंपर्क म्हणजे लोकांशी संबंध असणं, म्हणजे त्यांचंही आपल्यापर्यंत पोहोचणं. पाटीवर दोन्ही शब्द असले तरी आम्ही दिवसभर पहिलंच काम करायचो. सकाळी वर्तमानपत्रांची कात्रणं, दुपारी प्रसिद्धिपत्रक, दिवाळीला पत्रकारांना डायऱ्या आणि सुकामेवा. महिन्याअखेरीस फूटपट्टी घेऊन बातमी किती कॉलम, किती सेंटिमीटर आली ते मोजायचं आणि तेवढी जागा जाहिरातीच्या दराने किती लाखांची झाली, ते साहेबांना दाखवायचं. हसू नका. आज लाइक आणि व्ह्यूज मोजतात ती हीच फूटपट्टी आहे, फक्त तिला आता डॅशबोर्ड म्हणतात.

लोकांची पत्रं यायची, नाही असं नाही. पण ती 'ग्राहक तक्रार' नावाच्या वेगळ्या खोलीत जायची, तळमजल्यावर, जिन्याखाली. आमचा विभाग सहाव्या मजल्यावर. त्या दोन खोल्यांमध्ये मी नोकरीत असताना कितीदा ये-जा केली असेन? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सोशल मीडियाने केलं काय, तर तळमजल्यावरची पत्रं सहाव्या मजल्याच्या भिंतीवर, भर रस्त्यातून दिसतील अशी चिकटवली. आणि संस्थांनी काय केलं, तर भिंतीपाशी एक गोड बोलणारा माणूस उभा केला.

या शहरानेच या विषयावर एक मोठा धडा फेसबुकचा जन्मही झाला नव्हता तेव्हा घेतलाय. ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर, आणि मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. कंपनीने पहिलं सांगितलं ते असं, की कारखान्यात हे घडणं शक्य नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या कदाचित खरंही असेल. पण ग्राहकाला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याने दुकानदाराचं नाव वाचून चॉकलेट घेतलेलं नसतं. प्रशासनाने जाहीरपणे उलट विचारलं, मग तुमचं वेष्टण काय कामाचं? वड्याचं तेल वांग्यावर काढायला गेलेली कंपनी दिवाळीनंतर जाहिराती थांबवून बसली. विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरली.

पुढचं सगळ्यांना आठवतं : अमिताभ बच्चन आले, 'चिंता करू नका' म्हणाले आणि कॅडबरी वाचली. जनसंपर्काच्या वर्गांतही ही गोष्ट अशीच सांगतात. मला ती अर्धवट वाटते. बच्चन येण्याआधी कंपनीने दुकानदारांना माल कसा ठेवायचा याचं शिक्षण देणारी मोहीम काढली, तिला नावही 'विश्वास' दिलं. जानेवारी २००४ पर्यंत वेष्टण बदललं. आतला कागद सीलबंद झाला, बाहेर आणखी एक आवरण आलं. त्यासाठी यंत्रं आणली, वेष्टणाचा खर्च वाढला आणि तो कंपनीने सोसला. नुसते बच्चन आले असते आणि वेष्टण तेच राहिलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात एखादी अळी त्यांच्याच जाहिरातीवरून चालत गेली असती. कंपनीला वाचवलं ते डिंकाने आणि फॉइलने. बच्चननी ते घरोघर सांगितलं, एवढंच. पण डिंक आणि फॉइल यांच्यावर व्याख्यान देता येत नाही, म्हणून ते धड्यातून गळतात.

परदेशातला जो धडा प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात, त्याचंही तेच. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ माणसं दगावली. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. या धड्याचं खरं वाक्य 'बाटल्या परत घेतल्या' हेच आहे, पत्रकार परिषदा नंतर येतात. आणि ही पुण्याई कायम पुरते असंही नाही. याच कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्यातला बेबी पावडरचा परवाना २०२२ च्या सप्टेंबरात अन्न व औषध प्रशासनाने रद्द केला. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेशच रद्दबातल ठरवला. मी मुलुंडमधल्या माझ्या मैत्रिणींना विचारून पाहिलं. पहिली बातमी सगळ्यांना माहीत होती, दुसरी कुणालाच नाही.

कॅडबरीला विचार करायला आठवडे मिळाले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी खाण्याच्या पदार्थांशी किळसवाणे चाळे करून यूट्यूबवर टाकले, तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांचं व्हिडिओतलं उत्तर यायला साधारण दोन दिवस लागले आणि उशीर झाला म्हणून टीका झाली. आज दोन दिवस म्हणजे युग. म्हणून सगळे वेगाच्या मागे लागलेत. पण वेगात चुकीचं बोललेलं वाक्य सावकाश बोलल्यापेक्षा वाईट. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका वृद्ध डॉक्टरला फरपटत बाहेर काढलेलं सगळ्या जगाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली ती प्रवाशांची 'फेरव्यवस्था' करावी लागल्याबद्दल. रक्ताळलेला चेहरा पाहिलेल्या माणसाला फेरव्यवस्था म्हणून सांगायचं! खरी माफी त्यानंतरच्या दिवशी आली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

'फेरव्यवस्था' हा शब्द वाचला तेव्हा मला आपली सरकारी मराठी आठवली. 'कारवाई करण्यात येईल.' 'संबंधितांना सूचना देण्यात आलेल्या आहेत.' 'प्रकरणी चौकशी करण्यात येत आहे.' वाक्यात क्रिया आहे, कर्ता मात्र गायब. कोण करणार? करण्यात येईल. माझ्या पहिल्या साहेबांनी मला हे व्याकरण शिकवलं होतं. ते म्हणायचे, कर्ता आला की त्याच्यामागून जबाबदारी येते, म्हणून कर्ता आणायचाच नाही. मी पंचवीस वर्षं तो आणला नाही.

माफीचं मराठी तर याहून चतुर आहे. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.' यातल्या 'असतील तर'ने सगळी माफी खाऊन टाकलेली असते : दुखावल्या नसतील तर माफी नाही, आणि दुखावल्या असतील तर दोष तुमच्या नाजूक भावनांचा. शिवाय मी दिलगीर आहे असंही नाही; मी दिलगिरी 'व्यक्त' करतो, जशी टपालात पाकीट टाकावं तशी. रस्तोरस्ती खणलेल्या खड्ड्यांजवळच्या पाट्यांवर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असतं. क्षमस्व हे संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे, त्याचा अर्थ 'क्षमा कर'. म्हणजे पायाला प्लास्टर घातलेल्या माणसालाच आणखी एक काम सांगितलं! गंमत सोडा. पण समाजमाध्यमांवरचा मराठी वाचक हे व्याकरण आता एका नजरेत ओळखतो, स्क्रीनशॉट काढतो आणि त्यातल्या 'तर'भोवती लाल गोल करतो. संस्थांना अजून वाटतं, की तो फसतो.

इथे माझ्याच म्हणण्याच्या आड येणारं एक उदाहरण द्यायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. खातेदाराला खात्यातून जेमतेम १,००० रुपये काढता येतील असा पहिला आदेश होता. भांडुपपासून वसईपर्यंत शाखांबाहेर रांगा लागल्या, लोक रडत होते. त्या वेळी बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी खातेदारांना पाठवलेल्या संदेशात चक्क कर्ता होता. जबाबदारी मी घेतो, सहा महिन्यांच्या आत अनियमितता दूर करू, अशा अर्थाचा तो मजकूर होता. व्याकरण निर्दोष. पण बँकेच्या कर्जांपैकी फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला होता आणि तो दडवलेला होता, हे थोड्याच दिवसांत बाहेर आलं. ऑक्टोबरात ते संचालक अटकेत होते. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पैसे त्यात होते. ती म्हणाली, "माफी कसली मागतोस, माझं पासबुक बघ." तेव्हा 'मी' म्हणण्यानेही भागत नाही. ज्या 'मी'ने चावी हरवलीय किंवा विकलीय, त्याने कितीही सुंदर माफी लिहिली तरी पाणी येत नाही.

२०१७ हे वर्ष मुंबईतल्या संस्थांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं होतं. जुलैत रेडिओवरच्या आरजे मलिष्काने रस्त्यांवरच्या खड्ड्यांवरून पालिकेची खिल्ली उडवणारं एक विडंबनगीत केलं. लोक हसले, ते चार दिवसांत विसरलेही असते. पण पालिकेचं पथक तिच्या घरी डासांच्या अळ्या शोधायला गेलं, अळ्या सापडल्या म्हणून नोटीस बजावली गेली आणि काही राजकीय मंडळींनी तिच्यावर ५०० कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा लावा अशी मागणी केली. मग ते गाणं ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही शोधून ऐकलं. अळ्या खरोखर असतीलही. त्या वर्षी कोणाच्या घरात नव्हत्या? पण वेळ अशी निवडली, की अळी कुणालाच दिसली नाही, सगळ्यांना राग दिसला.

ऑगस्टच्या २९ तारखेला पाऊस कोसळला आणि शहर बुडालं. गणपतीचे दिवस होते. त्या रात्री ट्विटरवर माणसांनी आपल्या घरांचे पत्ते टाकले : दोन जणांची झोपायची सोय होईल, चहा आहे, बाथरूम आहे. मंडळांनी, गुरुद्वारांनी दारं उघडली. ज्याच्याकडे दार होतं तो स्वतः बोलत होता. 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं त्या रात्री कुणी कुणाला लिहिलं नाही.

आणि सप्टेंबरच्या २९ तारखेला, पाऊस पडत असताना, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. दुसऱ्या दिवशी जे जुने ट्विट वर आले ते पाहून माझ्या पोटात खड्डा पडला होता. प्रवाशांनी याच पुलावरच्या गर्दीचे फोटो आधीच टाकलेले होते, रेल्वेला टॅग करून, एक दिवस इथे चेंगराचेंगरी होईल असं लिहून. म्हणजे माहिती पोहोचलेली होती, फुकट, फोटोसकट, ठिकाणासकट. सल्लागार कंपनीला पैसे देऊन जो अहवाल मागवला असता तो लोकांनी गाडीला लटकत टाइप करून पाठवला होता. तो ज्याच्या पडद्यावर उमटला, त्याचं काम उत्तर देणं हे होतं. पूल बांधणं हे त्याचं काम नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याच्या पडद्यावर तो उमटत नव्हता. त्यानंतर लष्कराला बोलावून बांधलेला पूल फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस खुला झाला. म्हणजे मनावर घेतलं तर पाच महिने लागतात.

मुंबई पोलिसांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेलं त्यांचं ट्विटर खातं कोट्या आणि मीम यांमुळे देशभर गाजलं. मलाही त्यातलं पुष्कळ आवडतं. पण ते का चालतं, हे नक्कल करणाऱ्यांनी समजून घेतलेलं दिसत नाही. हेल्मेटवरचा विनोद चालतो, कारण नाक्यावर पावती फाडणारा हवालदार खराखुरा उभा असतो. विनोदाच्या मागे दांडकं आहे आणि नियंत्रण कक्षही आहे. त्यानंतर विजेच्या कंपनीपासून पतपेढीपर्यंत सगळ्यांनी कोटीबाज मुलं नेमली. पतपेढीने विनोद केला की मला धडकीच भरते.

याउलट, पावसाळ्यात या शहरात रोज आवर्जून पाहिली जाणारी सरकारी पोस्ट कोणती असेल? माझ्या मते सात तलावांतल्या पाणीसाठ्याची. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. नुसता तक्ता. ना बाहुली, ना कोटी. तीच गोष्ट समुद्राच्या भरतीच्या वेळांची. किती वाजता, किती मीटर, संपलं. त्याखाली शिव्या कमी आणि 'तानसा भरला का?' अशी विचारपूस जास्त. माणसाला उद्या पाणी येईल का, लोकल चालेल का, एवढंच हवं असतं, आणि ते ज्याला ठाऊक आहे त्याच्या तोंडून हवं असतं. मराठीतून मिळालं तर दुधात साखर. मराठीत लिहिलेल्या तक्रारीला 'डिअर कस्टमर' असं उत्तर देणाऱ्या मुंबईतल्या आस्थापनांवर मी वेगळा लेख लिहीन म्हणते, आज रक्तदाब सांभाळते.

मग ज्याला ठाऊक आहे त्याला बोलू का देत नाहीत? २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर कसं वागायचं ते बजावलं. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका. यातलं गोपनीयतेचं कलम मला मान्य आहे. गणवेशात रील करणाऱ्यांना आवरायला हवंच. पण अशा परिपत्रकांचा, आणि खासगी कंपन्यांतल्या तसल्याच नियमपुस्तिकांचा, तळाशी जो अर्थ झिरपतो तो वेगळाच असतो. तळातला माणूस त्यातून एकच शिकतो, की गप्प बसलेलं बरं. परिणामी चावी ज्यांच्या हातात आहे ते मुके, आणि जे बोलतात त्यांच्या हातात पासवर्डशिवाय काही नाही.

माझे जुने सहकारी यावर म्हणतात, प्रत्येक कारकून बोलायला लागला तर अनागोंदी माजेल, कोर्टकज्जे होतील, शेअरचे भाव कोसळतील. त्यांना मी मामांकडे पाहायला सांगते. मामा कधी शहराच्या पाणी धोरणावर बोललेले नाहीत. पाणीपट्टी वाढावी की नाही हे विचारलं तर म्हणतात, ते साहेबांना विचारा. ते आपल्या व्हॉल्व्हपुरतं बोलतात, आणि व्हॉल्व्हपुरतं त्यांच्याइतकं खात्रीने कुणीच बोलू शकत नाही. जो जे चालवतो त्याने त्यापुरतं बोलावं, याहून मोठी नियमपुस्तिका मला सुचत नाही. रुग्णालयात अपघात विभागाच्या परिचारिकेने सांगावं की आज खाटा किती आहेत. धोरण, चौकशी, कोर्ट, यांच्यासाठी सहावा मजला आहेच.

दुसरा आक्षेप ट्रोलांचा. तो खरा आहे. समाजमाध्यमांवरचा सगळा संताप जनतेचा नसतो. २०२० मध्ये मुंबई पोलिसांविरुद्ध हजारो बनावट खात्यांवरून मोहीम चालवली गेल्याचं पोलिसांनीच सांगितलं होतं. पण बनावट खात्याला कोणत्या गल्लीत पाणी आलं नाही हे माहीत नसतं. ज्या तक्रारीत गल्ली आहे, वेळ आहे, फोटो आहे, ती बहुधा खरी असते, आणि ती खरी की खोटी हे त्या गल्लीतला माणूस दहा मिनिटांत सांगू शकतो. सहाव्या मजल्यावरून ते दिसत नाही, म्हणून तिथे एक तर सगळे ट्रोल वाटतात किंवा सगळे ग्राहकराजे.

मी त्या गोड बोलणाऱ्या पोरांना दोष देत नाही. निवृत्तीनंतर मी एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते आणि माझे विद्यार्थी पुढे अंधेरीत, लोअर परळला एजन्सीत लागतात. चोविशीतली पोरं. एकीच्या हातात एका वेळी पाच खाती असतात : एक बँक, एक आइस्क्रीम, एक रुग्णालय, एक बिल्डर, एक हवाई चप्पल. सकाळी रुग्णालयाच्या वतीने श्रद्धांजली, दुपारी आइस्क्रीमच्या वतीने प्रेमाचा दिवस. खाते चुकलं तर नोकरी जाते. ज्या संस्थेच्या नावाने ती माफी मागते, तिच्या दारात ती कधी गेलेलीही नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्करोगाबद्दल जागृतीच्या नावाखाली एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवली गेली आणि नंतर मुंबईतल्या एजन्सीने माफी मागितली, तेव्हा वर्गात मी विचारलं, खोलीतल्या एकालाही हे करू नका म्हणावंसं वाटलं नसेल का? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वाटलं असेल. पण ते म्हणण्याचा बॉक्स ब्रीफमध्ये नसतो."

वर्षाअखेरीस कंत्राट संपतं, दुसरी एजन्सी येते. जुनी एजन्सी नवीला देते काय? पासवर्ड, फॉन्ट, रंगांचे नंबर आणि सणांचं कॅलेंडर. अमुक वॉर्डात गटार दर जूनमध्ये तुंबतं, तमुक शाखेतला शिपाई लोकांवर ओरडतो, हे कुठल्याही फाइलमध्ये नसतं. वर्षभर लोक तेच तर लिहीत होते. पुन्हा पहिल्यापासून 'कृपया तुमचा क्रमांक डीएम करा'. निविदा काढणाऱ्यांना माझी एवढीच सूचना आहे : पोस्ट किती, लाइक किती, प्रतिसादाला मिनिटं किती, हे रकाने हवे तर ठेवा. त्यांच्या शेजारी आणखी एक वाढवा. किती तक्रारी मिटल्या, आणि त्या मिटल्या हे तक्रारदाराने सांगितलं की तुम्हीच ठरवलं?

गेल्या मे महिन्यात आमचे चावीवाले मामा निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात ते एका पोरसवदा माणसाला बरोबर घेऊन सोसायटीत आले. सेक्रेटरींशी त्याची ओळख करून दिली, त्याचा नंबर दिला, मागच्या गेटजवळचं झाकण कसं अडकतं आणि कुठून उचकटायचं ते त्याला दाखवलं. वर जाऊन टाकीचा फ्लोट पाहिला. बी विंगच्या पहिल्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात, पाणी येणार नसेल तर त्यांना आधी कळवायचं, हेही त्याला सांगितलं. मग आमच्याकडे चहा घेतला. सेक्रेटरींनी ग्रुपच्या माथ्यावरचा जुना मेसेज काढून नवा टाचला. जुना नंबर बऱ्याच जणांनी अजून पुसलेला नाही.